खानदेशचे हसरे गणित

विज्ञान आणि विनोद यांचे सख्य असू शकते, ही कल्पना आपल्याकडे सहसा कोणी मनावर घेत नाही. विज्ञान म्हणजे फळ्यावरची समीकरणे, प्रयोगशाळेतील शांतता आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण. विनोद म्हणजे जेवणे आटोपल्यावर ओसरीवर घालवायची घटकाभराची करमणूक. गणिताच्या तासाला मूल हसताना सापडले तर त्याला उभे केले जाते. त्यामुळे ज्ञान मिळवायचे तर तोंड गंभीरच असले पाहिजे, असा संस्कार लहानपणापासून आपल्या मनावर होत असतो.

इतिहासाचा दाखला मात्र निराळा आहे. विज्ञानाविषयी हसणे माणसांना फार पूर्वीपासून आवडत आले आहे, आणि पुष्कळदा या हसण्यात शास्त्रज्ञच पुढे होते. ही आवड का निर्माण होते, तिच्यामुळे काय साधते आणि ती कोठे घातक ठरते, याचा विचार करण्यासाठी आम्ही दूरदेशी जाणार नाही. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडून जळगाव आणि धुळे ही दोन जिल्ह्यांची ठाणी ज्यातून पुढे आली, तो खानदेश या विचाराला पुरेसा आहे. जेथे खानदेशची वेस ओलांडावी लागेल तेथे ती ओलांडू, आणि पुन्हा माघारी येऊ.

पाटणचा शिलालेख

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे जुने ठिकाण आहे. पाटणादेवीच्या दर्शनासाठी आणि अलीकडे गौताळा अभयारण्य पाहण्यासाठी तेथे लोक जातात. एके काळी ही गजबजलेली नगरी होती. येथील एका शिलालेखाची माहिती मुंबईचे विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली जगापुढे मांडली, आणि भारतीय गणिताच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा हाती आला.

हा लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटणला एक मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातील स्थानिक अधिपती सोइदेव याने श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, त्या मठाला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र तो जुन्या मराठीत उतरतो. राजा-विद्वानांची स्तुती संस्कृतात झाली, पण कोणी काय द्यायचे हे बाजारातील माणसाला त्याच्याच भाषेत सांगणे भाग होते. बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावरील काही हिस्सा आणि तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल, अशा देणग्यांची तेथे नोंद आहे. ग्रहगोलांच्या अभ्यासाची समई तेल्याच्या पळीवर जळत होती, ही गोष्ट आपण विसरू नये. ज्या ज्ञानाला सामान्य माणसाने तेल पुरवले, ते ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचले की नाही, असा प्रश्न यातून साहजिकच उभा राहतो.

कंजुषाची कवडी

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांच्या जन्मगावाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. त्यांच्या नातवाने मात्र त्यांची परंपरा पाटणला रुजवली, हे दगडावर कोरलेले आहे. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' रचला. 'लीलावती', 'बीजगणित', 'ग्रहगणित' आणि 'गोलाध्याय' हे त्याचे चार भाग होत. यांपैकी 'लीलावती' हे अंकगणिताचे पुस्तक शतकानुशतके देशभर शिकवले गेले. त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण त्यातील उदाहरणांत सापडते.

अपूर्णांकांच्या प्रकरणात भास्कराचार्य एका कंजूष धनिकाची गोष्ट घालतात. याचकाने फार विनवले तेव्हा त्या गृहस्थाने दान दिले. किती दिले? एका द्रम्माचे अर्धे घ्या. त्याचे दोन तृतीयांश. त्याचे तीन चतुर्थांश. त्याचा पाचवा भाग. त्याचा सोळावा भाग. आणि त्याचाही चौथा भाग. बाळा, त्या कंजुषाने किती कवड्या दिल्या ते सांग, असा प्रश्न आहे.

आता हिशेब करू. त्या काळच्या कोष्टकाप्रमाणे १६ पणांचा एक द्रम्म, ४ काकिणींचा एक पण आणि २० कवड्यांची एक काकिणी. म्हणजे एका द्रम्माच्या १,२८० कवड्या झाल्या. वरील सर्व अपूर्णांकांचा गुणाकार केला की उत्तर येते एक भागिले १,२८०. अर्थात इतकी लांबलचक वाटणी होऊन याचकाच्या हातावर पडली ती एक कवडी! विद्यार्थ्याला उत्तर सापडते त्याच क्षणी त्याला हसू येते. गणित चुकले तर विनोदही कळत नाही. गणिताचे उत्तर आणि विनोदाचा गाभा येथे एकाच ठिकाणी ठेवला आहे. शुभवर्तमानात मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा आपल्या परिचयाची आहे. तिच्या अगदी उलट टोकाला हा कंजूष उभा आहे. आणि दोन्ही ठिकाणी रकमेपेक्षा देणाऱ्याकडे पाहायला आपल्याला शिकवले जाते.

'बीजगणिता'तील वानरांचे उदाहरणही असेच मजेदार आहे. वानरांच्या कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा आणि उरेल त्याचा वर्ग करा; तितकी वानरे गुहेत शिरली आणि एक फांदीवर चढलेले दिसते; तर कळपात वानरे किती? समीकरण सोडवले तर दोन उत्तरे मिळतात, ५० आणि ५. पन्नासाचे ठीक आहे: पाचवा भाग दहा, तीन गेले सात, साताचा वर्ग एकोणपन्नास, आणि फांदीवरचे एक. पण पाच घेतले तर पाचवा भाग एक. एकातून तीन गेले की उरतात उणे दोन वानरे! वर्ग केल्यावर आकडा जुळतो खरा, पण उणे वानर कोणी पाहिले आहे? भास्कराचार्य हे दुसरे उत्तर बाजूला ठेवतात, आणि प्रत्यक्ष वस्तू ऋण असू शकते यावर लोकांचा विश्वास बसत नाही, असे त्याचे कारण देतात. समीकरणाला जे चालते ते अरण्यात चालत नाही, हा गणिताचा एक गंभीर धडा आहे. वानरांमुळे तो आठशे-नऊशे वर्षे विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहिला.

'गोलाध्याया'त हाच मिस्कीलपणा वादविवादात उतरतो. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर सूर्य सर्वांना सदैव का दिसत नाही, असे ते विचारतात. पृथ्वी गोल असेल तर पलीकडच्या बाजूची माणसे खाली डोके वर पाय होऊन पडत कशी नाहीत, या शंकेला त्यांचे उत्तर तर गोडच आहे. पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाचे प्रतिबिंब जसे उलटे दिसते तशी ती माणसे आपल्याला कल्पनेत दिसतात. वस्तुतः आपण येथे जसे निर्धास्त उभे आहोत तशीच ती तेथे उभी आहेत. या उत्तरात शंका विचारणाऱ्याचा कोठेही अपमान नाही. त्याला तळ्याकाठी नेऊन त्याचेच प्रतिबिंब दाखवले आहे.

तथापि याच 'लीलावती'त, व्यस्त प्रमाण समजावताना, सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत अमुक, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती, असेही एक उदाहरण आहे. माणसांची खरेदी-विक्री त्या काळी जगात अनेक ठिकाणी चाले, आणि बैलाच्या किमतीचे गणित जेथे येते तेथेच हेही येते. तेथे आपल्याला हसू येत नाही, आणि येऊही नये. ज्या बुद्धीला उणे वानर खटकले, तिला ही विक्रीस उभी असलेली मुलगी खटकली नाही. थोर पुरुषांचे गुण गाताना ही गोष्टही सांगितली पाहिजे.

घटिकापात्रातला मोती

'लीलावती' या नावाभोवती एक कथा आहे. १५८७ साली अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने या ग्रंथाचे फार्सी भाषांतर केले, आणि त्याच्या प्रस्तावनेत ही कथा येते. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या नशिबी विवाह नाही असे भाकीत होते. पित्याने गणिताने एकच शुभ घटिका शोधून काढली आणि ती चुकू नये म्हणून घटिकापात्र मांडले. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यात तरंगत ठेवायची. चोवीस मिनिटांत ती भरून बुडते. उत्सुकतेने मुलगी पात्रावर वाकली, तिच्या अंगावरचा एक मोती वाटीत पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त कधी टळला ते कोणालाच कळले नाही. मग पित्याने तिचे नाव ग्रंथाला देऊन ते अमर केले.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांत या कथेला आधार नाही. फैजीच्या पूर्वी ती आढळतही नाही. तरी चार शतके लोकांनी ती जिवापाड जपली. याचे कारण तिच्यातील करुण विनोदात आहे. गणित बिनचूक होते, यंत्र बिनचूक होते, आणि एका मोत्याने दोघांनाही हरवले. मोठ्या ज्ञानी माणसाच्या घरीही वाटी अडते, हे ऐकून सामान्य माणसाला दिलासा मिळतो. विद्वानांविषयीचे बहुतेक विनोद या दिलाशापोटीच जन्माला येतात. त्यांत द्वेष थोडा असतो. 'हाही आपल्यातलाच आहे' ही जवळीक अधिक असते.

एका हसण्याची किंमत

फैजीचे भाषांतर झाले तेव्हा तिकडे इटलीत गॅलिलिओ तेविशीत होता. विज्ञान आणि विनोद यांचा इतिहास सांगताना ख्रिस्ती वाचकाला त्याची गोष्ट टाळता येणार नाही.

१६३२ साली गॅलिलिओने विश्वरचनेवरील आपला 'संवाद' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हता, तर बाजारपेठेत समजणाऱ्या इटालियनमध्ये होता. त्यात तिघे मित्र बोलतात. त्यांपैकी एक जुन्या मताचा कैवारी असून त्याचे नाव सिंप्लिचिओ आहे. ऍरिस्टॉटलच्या एका जुन्या भाष्यकाराचे हे नाव, असे म्हणता येई. पण इटालियन कानाला त्यातून 'भोळसट' हाही अर्थ ऐकू येई. वाचक सिंप्लिचिओला हसत होते. अडचण अशी की पोप आठवे अर्बन यांना प्रिय असलेला युक्तिवाद ग्रंथाच्या शेवटी याच सिंप्लिचिओच्या तोंडी आला. अर्बन हे एके काळी गॅलिलिओचे चाहते होते. आपली टवाळी झाली असे त्यांच्या मनाने घेतले. खटल्यामागे इतरही कारणे होती, हे इतिहासकार सांगतात. परंतु ही ठेच त्यांपैकी एक होती. २२ जून १६३३ रोजी वृद्ध गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत सोडल्याचे जाहीर करावे लागले. १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेत होता.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली या प्रकरणाच्या पुनर्विचारासाठी अभ्यासमंडळ नेमले, आणि ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी त्या वेळच्या न्यायकर्त्यांची चूक झाल्याचे मान्य केले. साडेतीनशेहून अधिक वर्षांनी उच्चारलेली ही कबुली पवित्र सभेला कमीपणा आणणारी नव्हती, असे आम्ही मानतो. आमच्या विषयापुरता यातून निघणारा बोध एवढाच, की विज्ञानातला विनोद निरुपद्रवी नसतो. ज्याच्या हाती सत्ता आहे आणि ज्याला स्वतःला हसता येत नाही, त्याच्यापुढे हसणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

शेजारच्या वऱ्हाडात

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. खानदेशच्या पूर्वेला लागूनच वऱ्हाड आहे, आणि तेथेही जळगाव नावाचे गाव आहे. बुलढाणा जिल्ह्यातील हे जळगाव-जामोद. अकोला, खामगाव आणि हे जळगाव अशा ठिकाणी वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हे आधुनिक मराठी विनोदाचे जनक मानले जातात. त्यांचा सुदामा आणि त्याचे मित्र बंडूनाना व पांडूतात्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढी आणि धर्मभोळेपणा यांची भरपूर खिल्ली उडवली. 'सुदाम्याचे पोहे' हे पुस्तक जुन्या वाचकांच्या घरी अजून असेल.

फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की याच विनोदी लेखकाने 'भारतीय ज्योतिर्गणित' हा खगोलगणितावरील ग्रंथ लिहिला.   मराठी विनोदाचा पाया घालणारा माणूस खगोलगणितातही रमावा, हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. विसंगती टिपणे हे दोघांचेही काम आहे. सर्वांच्या नजरेसमोरची गोष्ट नीट जुळत नाही, हे विनोदकाराला आणि शास्त्रज्ञाला इतरांच्या आधी जाणवते. एक त्यावर हसतो, दुसरा त्यावर प्रयोग करतो. कोल्हटकरांसारखा एखादा दोन्ही करतो.

असोद्याची लेक

ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्यांना हा हक्क होता काय? याचे उत्तर जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) देतात. शेतात राबताना, जात्यावर बसताना त्यांना ओव्या सुचत आणि घरच्यांपैकी कोणी त्या टिपून घेई. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्र थक्क झाला.

जळगावला छापखाना आला तेव्हा त्या यंत्राचे त्यांनाही नवल वाटले. परंतु त्यांची नजर यंत्रापाशी थांबली नाही. शाईच्या स्पर्शाने कागदाला शहाणपण येते, मग माणूसच कसा मागे राहतो, असा मिस्कील चिमटा त्या काढतात. तरुणपणीच वैधव्य आलेल्या या बाईने दारी आलेल्या ज्योतिषालाही आपल्या गाण्यात परत पाठवले आहे. जे भोगले ते मला कळते, ते सांगायला तू कशाला हवास, असा त्याचा आशय आहे. त्यात हसू आहे, पण ते ओठ घट्ट मिटून हसलेले हसू आहे.

जे बहिणाबाईंनी अनुभवाने सांगितले ते पुढे प्रयोगाने तपासले गेले. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अपंगत्व असलेली शंभर मुले यांच्या कुंडल्या जमवल्या आणि ज्योतिषांना आव्हान दिले: कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखा. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून उत्तरे पाठवली. नाणे उडवून कौल घेतला असता तर साधारण निम्मी उत्तरे बरोबर आली असती. ज्योतिषांची सरासरी त्याहूनही किंचित खाली राहिली! यावर वेगळी टीका करण्याची गरजच उरली नाही. आकडेच हसत होते.

बहिणाबाईंची बोली ऐकून एके काळी शहरी माणसे हसली असतील. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. १९९० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा नामविस्तार २०१८ साली झाला. भौतिकशास्त्राची पदवी घेणाऱ्या मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर शाळेची पायरी न चढलेल्या एका शेतकरी बाईचे नाव छापलेले असते. छापखान्याला चिमटा काढणाऱ्या बहिणाबाईंना हे पाहून मौज वाटली असती.

धुळ्याच्या तुरुंगातील भूमिती

१९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत धुळ्याचा तुरुंग राजबंद्यांनी भरला होता. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील अठरा रविवारी विनोबा भावे यांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली, आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असे जन्मले. विनोबांना गणिताचे अतोनात वेड होते, आणि ऐकणाऱ्यांत सर्व थरांतले कैदी होते. कर्माचा अवघड विचार सांगताना त्यांनी तो सरळ बेरजेच्या समीकरणासारखा मांडला. दुसऱ्या एका प्रवचनात त्यांनी भूमितीचा दृष्टांत घेतला. व्याख्येप्रमाणे रेषेला लांबी असते, जाडी मुळीच नसते. मग ती फळ्यावर काढायची कशी? काढली की जाडी आलीच! म्हणून भूमितीला पदोपदी 'समजा' म्हणावे लागते.

शाळेत ज्यांनी हा विषय घोकला त्या सर्वांना ही गंमत पटेल. मास्तर खडूची बोटभर जाडीची रेघ ओढतात आणि हिला जाडी नाही असे बजावतात. आणि मुले निमूटपणे वहीत लिहून घेतात. विनोबांनी ही विसंगती लपवली नाही. शब्दांत न मावणारे सत्य समजून घेताना 'समजा' म्हणण्याची नम्रता लागते, हे त्यांनी तिच्याच आधाराने दाखवले. सर्वांत काटेकोर शास्त्रालाही आरंभी 'समजा' म्हणावे लागते, हे कळले की विद्येचा गर्व थोडा उतरतो.

धर्मगुरू, शास्त्रज्ञ आणि पारवे

या इतिहासाचे शेवटचे पान आपल्याला पुन्हा जगाच्या व्यवहारात नेते. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र हे कॅथॉलिक धर्मगुरू आणि गणिती. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली मांडले आणि १९३१ साली 'आद्य अणू'ची कल्पना पुढे आणली. इंग्लंडचे फ्रेड हॉइल यांना हे मत मान्य नव्हते. २८ मार्च १९४९ रोजी बी. बी. सी. रेडिओवर बोलताना त्यांनी त्याला 'बिग बँग' म्हटले. आपण टिंगल केली नव्हती, केवळ चित्र डोळ्यांपुढे उभे केले, असे हॉइल पुढे सांगत. पण ऐकणाऱ्यांना त्यात थट्टा जाणवली आणि ते नाव कायमचे चिकटले. विरोधकाने उच्चारलेला शब्दच सिद्धांताचे बिरुद झाला.

१९६४-६५ मध्ये अमेरिकेतील पेंझिअस आणि विल्सन यांना आपल्या अँटेनात एक खरखर सतत ऐकू येत होती. अँटेनात पारव्यांनी घर केले होते. त्यांची विष्ठा हे कारण असावे, असे समजून या दोघांनी ती स्वच्छ केली. खरखर थांबली नाही. ती विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणाची खूण होती, आणि १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फादर लमेत्र यांना १९६६ साली मृत्यूपूर्वी थोडेच दिवस या शोधाची वार्ता कळली.

याच हॉइल यांचे केंब्रिजमधील शिष्य म्हणजे जयंत नारळीकर. त्यांनी आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धांतावर शंका घेतली, आणि त्याच हाताने मराठीला विज्ञानकथा दिल्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नामवंत म्हणून आपल्याला झुकते माप मिळू नये, यासाठी त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने ठेवली की हा जगताप तयार होतो! आणि कथेला पारितोषिक मिळाले. २० मे २०२५ रोजी ते गेले. मोठेपणा बाजूला ठेवून स्पर्धकांच्या रांगेत उभे राहण्याचा हा खेळ आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे.

कोणाला हसायचे?

पाटणपासून केंब्रिजपर्यंतची ही उदाहरणे पाहिली म्हणजे विज्ञानविषयक विनोदाचे आकर्षण कशात आहे ते ध्यानी येते. विद्येचा उंबरा उंच असतो; विनोद तो थोडा खाली करतो. ज्याला कवडीचे हसू आले तो अपूर्णांकांच्या घरात पाऊल टाकून बसलेला असतो. ज्याला उणे वानराची मौज वाटली, त्याला ऋणसंख्येचा धाक उरत नाही.

परंतु हाच विनोद उलट्या दिशेने वळला तर दार बंद करतो. अहिराणी किंवा भिलोरी बोलत वर्गात आलेल्या मुलाने एखादा शब्द वेगळा उच्चारला आणि वर्ग हसला, तर ते मूल पुन्हा हात वर करत नाही. त्याने विचारलेली शंका कदाचित गोलाध्यायात शोभली असती. ती ओठांतच विरते. साधा माणूस विद्वानाला हसतो तेव्हा दोघेही थोडे जवळ येतात. विद्वान साध्या माणसाला हसतो तेव्हा दोघांमध्ये भिंत पडते. कंजूष धनिक, गर्विष्ठ पंडित, भविष्य विकणारा भोंदू, आणि सर्वांत आधी आपण स्वतः, हे हसण्याचे योग्य विषय आहेत. न समजणारे मूल हा हसण्याचा विषय नव्हे.

आपल्या धर्मग्रामांतून शाळा आहेत, संध्याकाळचे अभ्यासवर्ग आहेत, आणि प्रत्येक घरी गणिताला घाबरणारे एखादे तरी लेकरू आहे. त्याच्याजवळ बसून एकदा कंजुषाच्या कवडीचे गणित सोडवून पाहावे. उत्तर आले की ते हसेल. त्या वेळी त्याला गप्प करू नये. पाटणच्या मठात तेल्याच्या पळीभर तेलावर जो दिवा लावला होता, तो असाच घराघरांतून पुढे न्यायचा आहे.